जाणत्याची रेघ

धूर सोडला तेव्हा खोलीत चौघं बसली होती, आणि त्यांतल्या तिघांना खरंच आग लागली असं वाटलं. एक जण दारावर धडका मारू लागला. एक बाई टेबलाखाली शिरली. तिसऱ्या गृहस्थांनी मात्र आधी शिकवल्याप्रमाणे खिशातून फोन काढला आणि त्यावर अंगठा ठेवला, कारण दार उघडायचा आकडा त्या फोनमधल्या परवलपेटीत, म्हणजे परवलीचे शब्द ठेवायच्या पेटीत होता. फोनने अंगठा ओळखला. ठसा मालकाचाच आहे असंही त्याने कबूल केलं. पण पेटी काही उघडली नाही. पडद्यावर एक निळी रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली झाली आणि खाली अक्षरं उमटली, 'आपण घाबरलेले दिसता. थोडं थांबा.'

धुराने भरलेल्या खोलीत कोंडलेल्या माणसाला 'थोडं थांबा' म्हणायचं म्हणजे कमालच झाली. काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या डॉ. केतकी सोनटक्केला ते वाक्य दर चाचणीत टोचायचं, आणि मौज म्हणजे ते तिनेच लिहिलेलं होतं.

खोलीतली चौथी व्यक्ती, एक तरुण मुलगी, मात्र जागची हललीसुद्धा नव्हती. आता ती आरामात उठली, आपल्या फोनवर बोट ठेवलं, पडद्यावर आखल्यासारखी सरळ तांबडी रेघ उमटली आणि दार उघडलं. धूर बाहेर ओढणारे पंखे सुरू झाले. तिघं खोकत, एकमेकांकडे बघत बाहेर आली आणि हे सगळं नाटक होतं हे कळल्यावर एकाने प्रयोगशाळेचा चांगलाच उद्धार केला. त्याची समजूत घालायला त्या मुलीलाच पुढे जावं लागलं, कारण ती 'जाणती' होती.

हा या प्रयोगशाळेचा कडक नियम होता. भीतीची कुठलीही चाचणी जाणत्याशिवाय करायची नाही. कोंडलेल्या माणसांत एक जण असा हवाच, ज्याला सगळं खोटं आहे हे आधीपासून माहीत आहे, म्हणजे कुणाला जास्त त्रास झाला तर तो तिथल्या तिथे खेळ थांबवू शकतो. पन्हाळ्याच्या वाटेवर कोल्हापूरबाहेर उभ्या राहिलेल्या या इमारतीत शेकडो चाचण्या झाल्या होत्या आणि एकही जाणत्यावाचून झाली नव्हती.

त्या दिवशी हे सगळं पहिल्यांदाच पाहत होत्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तस्नीम मुजावर. दुसऱ्या दिवशी सरकारी समितीची बैठक होती आणि त्या तिच्या सभासद होत्या. बाई स्पष्टवक्त्या. त्यांनी सरळ विचारलं की ठसा जुळत असताना मालकालाच बाहेर ठेवणारं कुलूप बनवायची अवदसा तुम्हाला आठवली तरी का?

केतकी हसली आणि तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं. माणसाचे सगळे परवलीचे शब्द, बँकेपासून घराच्या दारापर्यंतचे, एका पेटीत गेले आणि पेटीची किल्ली झाली बोट. मग चोरांनी फोन पळवणं सोडलं. गळ्याला सुरी लावायची, मनगट धरायचं आणि बोट फोनवर टेकवायचं, की सगळा संसार त्यांच्या हातात. म्हणून भयकुलूप आलं. पेटी आता दोन गोष्टी तपासते, बोट कुणाचं आहे आणि ते घाबरलेलं आहे का.

"घाबरलेलं बोट ओळखता कसं?" तस्नीमबाईंनी विचारलं.

"तुम्हाला काय सांगायचं डॉक्टर, तुम्ही रोज बघता. घाबरलं की बोटांकडचं रक्त आत खेचलं जातं आणि बोटं गार पडतात. त्याच वेळी घामही फुटतो. थंडीत बोट गार असतं, पण कोरडं. पळून आलं की ओलं असतं, पण गरम. गार आणि ओलं, दोन्ही एकदम, फक्त भीतीत. रेघ निळी झाली की बोट गार, दातेरी झाली की घाम. निळी आणि दातेरी असेल तर पेटी बंद."

"आणि रागात?"

"रागात घाम येतो, पण बोट तापतं. तांबडी आणि दातेरी. संतापलेल्याला पेटी उघडते."

"म्हणजे आमच्या केतकीची कधीच अडचण व्हायची नाही," मागून भाऊ म्हणाले.

भाऊ म्हणजे केतकीचे वडील. साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून जन्म गेला आणि निवृत्तीनंतरही जगातल्या प्रत्येक चहात साखर बिघडलेलीच आहे यावर ठाम. आत्ताही ते हातातल्या कपाकडे संशयाने बघत बसले होते. त्यांच्या छातीत तालयंत्र होतं, दमलेल्या हृदयाला ठोका देणारं. असली यंत्रं बाहेरून ताब्यात घेऊन लोकांना धमकावण्याचे प्रकार झाल्यापासून त्यांनाही परवलीचा शब्द आला होता. तो शब्द डॉक्टरलाही दिसत नसे. पेटी तो परस्पर यंत्राच्या कानात सांगायची आणि लगेच बदलायची. भयकुलुपाच्या पेटीला जोडलेलं पहिलं तालयंत्र भाऊंचं, म्हणूनच आज त्यांना इथे बोलावलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, मुलीचं कुलूप, जावयाची पेटी, मग छाती काय शेजाऱ्याची आणायची?

जावई म्हणजे यशोधन. परवलपेटी त्याची निर्मिती होती आणि ती देशातल्या प्रत्येक तालयंत्राला जोडली जावी हा त्याचा ध्यास होता. तस्नीमबाईंच्या मनात पुढे कोणता प्रश्न येणार हे त्याने ओळखलं असावं. यशोधन तिथे येऊन उभा राहिला तसं बाईंनी विचारलंच, की नवरा समोर आडवा पडलेला असताना माझ्यापुढे फोन घेऊन उभ्या राहिलेल्या बाईचं बोट कसं असेल?

"गार आणि ओलं," केतकी म्हणाली. "नाही उघडणार पेटी. रुग्णाचं स्वतःचंही बोट तसंच असणार. म्हणून मी सही केलेली नाही."

इथेच नवराबायकोचं बिनसलेलं होतं. चाचणीप्रमुख म्हणून केतकीच्या सहीशिवाय हा तालयंत्रांचा प्रस्ताव समितीपुढे जाऊ शकत नव्हता. यशोधनने त्यावर तोड काढली होती, प्रत्येक यंत्राला घरातली दोन बोटं नोंदवायची. भाऊंच्या पेटीत केतकीचं आणि त्याचं अशी दोन होती. तो म्हणायचा, घरात एकाने हातपाय गाळले तर दुसरा घट्ट होतो, हे आपण आयुष्यभर बघतो. ती म्हणायची, बघतो ते चेहरे, बोटं नव्हेत. शेकडो माणसं त्या धुरात बसली, त्यांत आगीचे बंब चालवणारे जवान होते, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, आणि जाणता सोडला तर एकाचीही पेटी उघडली नव्हती.

"ती परकी माणसं आणि खोटा धूर," यशोधन त्या दिवशीही म्हणाला. "आपल्या माणसावर वेळ आली की बघ."

वेळ दुपारीच आली. जेवणं झाली होती, यशोधन आत संगणकापाशी गेला होता आणि व्हरांड्यात भाऊ तस्नीमबाईंना उसाच्या रसाची साखर कशी होते ते रंगात येऊन सांगत होते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात थांबलं. कप हातातून निसटला. केतकीला आधी वाटलं, चहा आवडला नाही म्हणून काहीतरी सोंग करताहेत. मग मान कलली आणि ती धावली.

तस्नीमबाईंनी भाऊंना जमिनीवर निजवलं, मनगट धरलं आणि मान न वळवताच म्हणाल्या की ठोके फार मंदावलेत, यंत्राची गती वाढवायला हवी, पेटी उघडा. केतकीने भाऊंच्या खिशातला फोन काढून बोट ठेवलं. निळी रेघ. करवत. 'आपण घाबरलेले दिसता. थोडं थांबा.'

तिने बोट ओढणीला पुसलं, चोळलं, तोंडाची वाफ दिली, पुन्हा ठेवलं. आपल्या बोटात काय चाललंय हे तिच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या रक्तवाहिन्या आवळल्या, कुठल्या छिद्रातून घाम येतोय, सगळं पाठ होतं, आणि त्या पाठांतराचा कवडीचा उपयोग नव्हता. जितकं ती स्वतःला शांत हो म्हणत होती तितकं बोट बर्फासारखं होत होतं. भाऊंचे ओठ पांढरे पडत चालले होते. पुन्हा तेच वाक्य आलं तेव्हा तिला वाटलं, फोन भिंतीवर फोडावा.

तिने यशोधनला हाक मारली. तो लगेच आला. त्याने भाऊंकडे एकदा पाहिलं, तिच्या हातातून फोन घेतला आणि बोट ठेवलं. तांबडी, सरळ रेघ. पेटी उघडली.

तस्नीमबाईंनी गती वाढवली. भाऊंच्या गालांवर रंग आला, डोळे उघडले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला तो कप फुटला का हा.  केतकी तिथेच फरशीवर बसली आणि नवऱ्याचा हात घट्ट धरून रडली.

भाऊंना आतल्या उपचारखोलीत हलवलं. तस्नीमबाईंना यशोधनचं कौतुक किती करू नि किती नको असं झालं होतं. इतकं थंड डोकं आपण शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीसुद्धा पाहिलेलं नाही, म्हणाल्या. यशोधनने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याने केतकीला एका शब्दाने टोमणा मारला नाही, फक्त प्रस्ताव तिच्यापुढे ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोन बोटं, केतकी. एक चाललं नाही, दुसरं चाललं."

 डोळ्यांदेखत घडलं होतं. आपल्या हट्टापायी आपण याला इतके दिवस छळलं, असं वाटून तिला ओशाळल्यासारखं झालं. ती सही करायला बसली. आणि का कोण जाणे, तिच्या डोळ्यांपुढे ती रेघ आली.

सरळ रेघ. तिने आठवून पाहिलं. बंबवाल्या जवानांची रेघ सरळ नव्हती. शल्यविशारदांची नव्हती. कितीही घट्ट माणूस असला तरी आधी काळीज हलतं, मग तो स्वतःला सावरतो, आणि ते हलणं बोटात दिसतं. अशी आखल्यासारखी रेघ तिने रोज पाहिली होती, आज सकाळीही पाहिली होती. पण ती एकाच प्रकारच्या माणसाची असायची.

शी, काहीतरीच. तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्याने बापाला मरणाच्या दारातून ओढून आणलं त्याच्याबद्दल हे असले विचार? यशोधन थंड डोक्याचा आहे, संपलं. तिने पुन्हा सहीसाठी हात पुढे केला.

तेवढ्यात आतून तस्नीमबाईंची हाक आली. दोघं धावत गेले. भाऊ पुन्हा निपचित पडले होते आणि या वेळी बाईंचाही आवाज बदललेला होता. त्या म्हणाल्या की हे दुपारच्यासारखं नाही, यंत्र ठोका देतंय पण हृदय तो घेत नाहीये, त्या मंदावण्याने ते पार दमलंय. ठोक्याचा जोर वाढवायला हवा आणि आत्ता हवा.

केतकीने पुन्हा बोट ठेवून पाहिलं. करवत, निळी. तिने फोन यशोधनपुढे धरला. त्याने बोट ठेवलं.

निळी रेघ उमटली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर. 'आपण घाबरलेले दिसता. थोडं थांबा.'

त्याने बोट उचलून परत ठेवलं. परत तेच. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता आणि चेहरा भाऊंच्या चेहऱ्यासारखाच पांढरा दिसत होता. "असं कसं," तो पुटपुटत होता, "असं व्हायलाच नको होतं."

केतकीने त्याच्या बोटाकडे पाहिलं. तेच बोट, तोच माणूस, समोर तेच भाऊ. दुपारी हे बोट गरम आणि कोरडं होतं, आता गार आणि ओलं आहे. मधल्या वेळात माणसाचं काळीज बदलत नाही. बदलली होती एकच गोष्ट. आत्ता जे चाललंय ते त्याला आधीपासून माहीत नव्हतं.

"यशोधन," ती म्हणाली, "दुपारी जाणता कोण होता?"

त्याने फोनवरचं बोट काढून घेतलं. तस्नीमबाईंनी वर पाहिलं. त्यांना सकाळी तो शब्द कळला होता, आता त्याचा अर्थही कळला.

"सरावक्रम लावला होता यंत्रावर," अखेर तो म्हणाला. "थोडाच वेळ गती उतरणार होती, मग आपोआप चढणार होती. कुणी काहीच केलं नसतं तरी चढली असती. मी आतून बघत होतो केतकी, भाऊंना काही होऊ दिलं नसतं मी. तुला नुसतं पटायला हवं होतं. तू ऐकतच नव्हतीस."

तो आणखी काही बोलत होता, पण तिच्या कानांत शिरत नव्हतं. सही मिळावी म्हणून. तिच्या एका सहीसाठी याने तिच्या बापाचं हृदय मंद केलं आणि वर तिच्याकडून आभाराचं रडणं घेतलं. ती फरशीवर बसून ज्याचा हात धरून रडली तो हात हाच. तळपायाची आग मस्तकात गेली. कानशिलं धगधगली, मान तापली, दंडातून खाली खाली येत ती धग थेट तळहाताला पोचली. तिला वाटलं, याला आत्ताच्या आत्ता खोलीबाहेर ढकलून द्यावं.

"केतकी, बोट," तस्नीमबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन पुढे धरला होता. केतकीने यशोधनवरची नजर न काढता बोट ठेवलं. रेघ करवतीसारखीच वरखाली झाली, पण रंग तांबडा होता, लालभडक. पेटी उघडली.

तस्नीमबाईंनी ठोक्याचा जोर वाढवला. पहिले काही ठोके हृदयाने घेतले नाहीत. मग एक घेतला, मग आणखी एक, आणि मग लय धरली. बाईंनी आपला श्वास सोडला आणि यशोधनला अगदी साध्या आवाजात बाहेर जायला सांगितलं. तो दारापर्यंत गेला आणि तिथेच चौकट धरून उभा राहिला.

पेटी अजून उघडीच होती. केतकीने भाऊंच्या यंत्राचं पान काढलं. नोंदवलेली बोटं दोन, तिचं आणि यशोधनचं. तिने दुसऱ्यावर आपलं बोट टेकवलं तशी पेटीने विचारलं की हे बोट कायमचं काढून टाकायचं का. तिचं बोट अजून गरम होतं. तिने 'हो' दाबलं. त्याच्या जागी उद्या कुणाचं नोंदवायचं हे तिला सुचत नव्हतं. कुणाचंही नोंदवलं तरी ते घाबरणारच, हे तिला आता आधीपेक्षा पक्कं माहीत होतं. प्रस्ताव बाहेर टेबलावर तसाच पडला होता आणि तो तसाच राहणार होता.

बऱ्याच वेळाने भाऊंनी डोळे उघडले. थकलेले होते, पण नजर साफ होती. केतकीने त्यांचा हात हातात घेतला. दुपारपासून ती पहिल्यांदाच जरा नीट श्वास घेत होती.

"पुन्हा गेलो होतो वाटतं," ते म्हणाले. "जावईबापूंनीच उघडली का पेटी?"

"नाही भाऊ. मी उघडली."

भाऊंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. जन्मभर रसायनं जोखलेला माणूस तो. सकाळी काचेपाशी ऐकलेलं त्यांनी मनाशी जुळवून पाहिलं असावं, कारण त्यांनी तिचं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि ते गरम आहे की गार ते बघितलं.

"मी इथं मरायला टेकलेला, आणि पेटी उघडली म्हणजे तू घाबरलेली नव्हतीस?" ते हळूच म्हणाले. "मग तू चिडली असणार. कुणावर गं पोरी?"

केतकीची मान वळली. भाऊंनी तिची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि तेही दाराकडे बघू लागले. यशोधन अजून तिथेच उभा होता.